अमेरिकेत पहिल्या वर्षाच्या विषयासाठी प्राध्यापक निवडताना: रेटिंग सर्वांत शेवटी बघा

पहिल्या सत्राचं रजिस्ट्रेशन उघडलं की बहुतेक विद्यार्थी एकच करतात. 'कॅल्क्युलस १' शोधतात, समोर आलेली सहा-सात नावं एकेक करून 'रेट माय प्रोफेसर्स' या, विद्यार्थीच प्राध्यापकांना गुण देतात अशा, संकेतस्थळावर टाकतात आणि पाचपैकी ज्याचा आकडा मोठा त्याच्या सेक्शनमध्ये, म्हणजे त्याच विषयाच्या त्याच्या तुकडीत, शिरायला बघतात. तो सेक्शन आधीच भरलेला असतो. मग उरलेल्यांतलं काहीतरी घाईने उचललं जातं आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्या मिडटर्मचे गुण आले की पळापळ सुरू होते.

चूक रेटिंग बघण्यात नाही, ते सगळ्यात आधी बघण्यात आहे. बारावीला क्लास लावताना 'सरांचा निकाल काय?' एवढं विचारून चालून जातं, कारण पेपर बोर्ड काढतं आणि तपासतंही बोर्डच. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शिकवणारी व्यक्तीच पेपर काढते, तपासून घेते, ग्रेड ठरवते, उशिरा आलेला गृहपाठ घ्यायचा की नाही तेही ठरवते. म्हणजे तुम्ही शिक्षकाबरोबर परीक्षा मंडळही निवडत असता.

खालचा क्रम कॅल्क्युलस १ डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे. जनरल केमिस्ट्री, इंट्रो कॉम्प्युटर सायन्स, मायक्रोइकॉनॉमिक्स यांनाही तोच लागू होतो.

## १. तयारी: रजिस्ट्रेशनच्या तीन आठवडे आधी

प्राध्यापकांची नावं बघण्याआधी स्वतःची वाट मोकळी करून घ्या. खात्यावर 'होल्ड' म्हणजे अडवणूक असेल तर वेळ आली तरी बटण दाबता येत नाही. नव्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे होल्ड म्हणजे लसीकरणाच्या नोंदी, ॲडव्हायझरची भेट, ओरिएंटेशन आणि बारावीची अधिकृत गुणपत्रिका. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीच्या दोन डोसांची कागदपत्रं भारतातच मिळवून इंग्रजीत तयार ठेवा. लहानपणीचं लसीकरण कार्ड हरवलेलं असतं आणि डॉक्टरांकडून नवं लिहून घेण्यात आठवडा जातो.

मग गणिताची प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कोणत्या पातळीच्या विषयात बसायचं ते ठरवणारी चाचणी. बऱ्याच विद्यापीठांत ती दिल्याशिवाय कॅल्क्युलसचा कोणताच सेक्शन उघडत नाही. बारावीला शंभरपैकी नव्वद असले तरी संगणकाला ते माहीत नसतं.

लॉगिनसाठी 'ड्युओ'सारखी दुहेरी पडताळणी असते. ती भारतीय नंबरवर लावली आणि तिकडे गेल्यावर सिम बदललं, तर ऐन वेळी तुम्ही बाहेर. नंबरवर विसंबू नका, ॲपवर पडताळणी लावा आणि बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा.

रजिस्ट्रेशनची वेळ तिथल्या घड्याळाने दिलेली असते. जून-जुलैत तिकडचे सकाळी ७ म्हणजे आपल्याकडे:

- न्यूयॉर्क, बॉस्टन, मिशिगन: दुपारी ४:३०
- शिकागो, टेक्सास: संध्याकाळी ५:३०
- कॅलिफोर्निया, सिॲटल: संध्याकाळी ७:३०

जानेवारीच्या प्रवेशासाठी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रजिस्ट्रेशन करत असाल तर या प्रत्येक वेळेत एक तास वाढवा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात.

तपासा: होल्डच्या पानावर काहीही शिल्लक नाही, प्लेसमेंटचा निकाल खात्यात दिसतो आहे, आणि रजिस्ट्रेशनची वेळ भारतीय घड्याळात लिहून ठेवली आहे.

## २. मुळात निवड आहे का, ते बघा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि तिच्यावरच सगळ्यात जास्त वेळ वाचतो.

मोठ्या सरकारी विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे अनेक विषय 'कोऑर्डिनेटेड' असतात. शिकवणारे पंधरा-वीस, पण अभ्यासक्रम एक, मिडटर्म एक, अंतिम परीक्षा एक आणि ग्रेडचं कोष्टकही एक. मिशिगन विद्यापीठाचा 'मॅथ ११५' असा आहे: वर्ग छोटे, शिकवणारे अनेक, परीक्षा सगळ्यांची सामाईक. अशा विषयात 'सोपा पेपर काढणारे सर' ही गोष्टच नसते.

ओळखायचं कसं? विषयाच्या यादीत संध्याकाळच्या सामाईक परीक्षेची तारीख आधीच छापलेली असते. विभागाच्या संकेतस्थळावर त्या विषयाचं एकच पान आणि कोऑर्डिनेटर म्हणून एकच नाव असतं. सगळ्या सेक्शनांचा सिलॅबस शब्दशः सारखा असतो.

विषय कोऑर्डिनेटेड निघाला तर गुणवाटपाची आणि पेपरच्या अवघडपणाची तुलना सोडून द्या. उरतात तीन प्रश्न: समजावून कसं सांगतात, ऑफिस अवर्स (शंका विचारायला राखलेली भेटीची वेळ) तुमच्या मोकळ्या वेळेत आहेत का, आणि वर्गाची वेळ जमते का. थेट पायरी ७ वर गेलात तरी चालेल.

दुसरी रचना मोठ्या लेक्चरची. आठवड्यातून तीन दिवस अडीचशे जणांचं लेक्चर, आणि एक दिवस पंचवीस-तीस जणांचं 'डिस्कशन' किंवा 'रेसिटेशन', जे टीए म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी घेतो. इथे प्राध्यापकांइतकाच टीए महत्त्वाचा, कारण तुमची शंका तोच सोडवणार आणि बहुतेकदा पेपरही तोच तपासणार. टीएचं नाव यादीत सहसा नसतं, मग निदान डिस्कशनची वेळ तरी डोकं लावून घ्या. गृहपाठ शुक्रवारी रात्री द्यायचा असेल तर गुरुवारचं डिस्कशन मंगळवारच्यापेक्षा उपयोगी. तोवर कुठे अडलं आहे ते कळलेलं असतं.

सावधान: लेक्चर, डिस्कशन आणि लॅब यांचे सेक्शन एकमेकांना जोडलेले असतात. लेक्चर एका प्राध्यापकाचं आणि डिस्कशन दुसऱ्याच्या गटातलं घेता येत नाही. वेळापत्रक जुळवताना पूर्ण जोडी जुळवा.

## ३. विषयाच्या पुढे साखळी आहे का?

इंजिनिअरिंग, भौतिकशास्त्र किंवा कॉम्प्युटर सायन्स घेणार असाल तर कॅल्क्युलस १ च्या पुढे कॅल्क्युलस २, मग ३, शिवाय फिजिक्स अशी रांग आहे. तेव्हा तुमची निवड 'या सत्रात ए मिळेल का' यावर थांबून चालत नाही.

अमेरिकन एअर फोर्स अकॅडमीत विद्यार्थ्यांना सेक्शन निवडता येत नाही. वाटप यादृच्छिक असतं आणि परीक्षा सामाईक. त्यामुळे प्राध्यापकांचा परिणाम तपासायला ती आदर्श जागा. स्कॉट कॅरल आणि जेम्स वेस्ट यांनी २०१० मध्ये तिथला अभ्यास प्रसिद्ध केला. कॅल्क्युलस १ मध्ये कमी अनुभवी शिक्षकांच्या विद्यार्थ्यांना त्या विषयात जास्त गुण मिळाले आणि त्या शिक्षकांना मूल्यमापनातही चांगले शेरे मिळाले. पुढच्या विषयांत मात्र अनुभवी, पीएच.डी. झालेल्या शिक्षकांचे विद्यार्थी सरस ठरले. पेपरपुरतं शिकवणं आणि पाया घालणं यांतला हा फरक आहे.

त्यामुळे कॅल्क्युलस हा तुमचा गणिताचा शेवटचा विषय असेल, म्हणजे अर्थशास्त्राबाहेरची एखादी सामाजिक शास्त्राची पदवी घेत असाल, तर हलका सेक्शन घ्या, त्यात गैर काही नाही. पुढे साखळी असेल तर 'कडक आहेत पण कॅल्क्युलस २ सोपं गेलं' असे शेरे शोधा. असे शेरे थोडे असतात, पण सोन्याच्या भावाचे.

## ४. नावापुढचं पद वाचा, पण त्याच्या दडपणाखाली येऊ नका

घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'एचओडी शिकवणार का?' पहिल्या वर्षाच्या विषयाला त्याने काही फरक पडत नाही.

'लेक्चरर' किंवा 'टीचिंग प्रोफेसर' यांचं मुख्य कामच शिकवणं असतं, आणि ते हाच विषय वर्षानुवर्षं घेत असतात. पहिल्या वर्षासाठी ही नावं आधी बघा. 'असिस्टंट प्रोफेसर' नवे असतात आणि संशोधनाच्या दबावाखाली असतात. चांगले शिकवणारेही असतात, पण हा विषय पहिल्यांदाच घेत असतील तर पेपरचा अंदाज विद्यार्थ्यांना नसतो आणि त्यांनाही नसतो. 'ॲडजंक्ट' म्हणजे तासिका तत्त्वावरचे. ते उत्तम शिकवत असले तरी कॅम्पसवर कमी वेळ असतात, आणि दोन वर्षांनी शिफारसपत्र हवं असेल तेव्हा तिथे असतीलच असं नाही.

'स्टाफ' किंवा 'टीबीए' लिहिलेलं असेल तर नाव अजून ठरलेलं नाही. तो सेक्शन थेट खोडू नका. नाव जाहीर होईपर्यंत तो रिकामा राहतो, म्हणून पर्याय क्रमांक तीन म्हणून छान.

## ५. जुना सिलॅबस मिळवा आणि पेन घेऊन वाचा

सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत उपयोगी कागद हाच. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. तिकडे तो शिकवणाऱ्याचा विद्यार्थ्यांशी केलेला लेखी करार असतो. कोणत्या गोष्टीला किती टक्के, उशीर झाला तर काय, परीक्षा चुकली तर काय, सगळं त्यात असतं.

कुठे मिळतो. टेक्सासमधल्या सरकारी विद्यापीठांना पदवीच्या विषयांचे सिलॅबस आणि शिकवणाऱ्यांची माहिती सार्वजनिक संकेतस्थळावर ठेवावीच लागते. २००९ च्या कायद्याने ते बंधनकारक केलं आहे. मुखपृष्ठापासून तीन क्लिकांत ते सापडायला हवेत. इतरत्र विभागाच्या पानावर 'सिलॅबस आर्काइव्ह' शोधा, नाहीतर विषयाचा क्रमांक, प्राध्यापकांचं आडनाव आणि 'सिलॅबस' असं गुगलवर टाका. तेही जमलं नाही तर विभागाच्या अंडरग्रॅज्युएट ऑफिसला ईमेल करा.

ईमेल चार वाक्यांचा असावा: मी कोण, कोणत्या सत्रात कोणता विषय घेणार, गेल्या सत्राचा सिलॅबस मिळेल का, आणि परीक्षा सामाईक असतात का. विषयाच्या ओळीत कोर्सचा क्रमांक टाका. थेट प्राध्यापकांना लिहीत असाल तर 'रिस्पेक्टेड सर' नको. 'डिअर प्रोफेसर' आणि आडनाव. नावावरून स्त्री की पुरुष ते कळत नसलं तरी मग अडत नाही. 'तुमचा सेक्शन सोपा आहे का' हे विचारू नका.

काय वाचायचं. आधी गुणांचं वजन. दोन सेक्शन घ्या:

- सेक्शन क: दोन मिडटर्म प्रत्येकी २५ टक्के, अंतिम परीक्षा ४०, गृहपाठ १०.
- सेक्शन ख: चार चाचण्या प्रत्येकी १५ टक्के, अंतिम परीक्षा २०, गृहपाठ आणि क्विझ २०.

पहिली चाचणी नव्या देशात, नव्या पद्धतीत, जेट लॅग उतरून महिना झालेला असताना येते. समजा तिथे ८५ च्या जागी ५० मिळाले. 'क'मध्ये एकूण गुणांतून ८.७५ गेले, 'ख'मध्ये ५.२५. आणि 'ख'च्या सिलॅबसमध्ये 'सर्वांत कमी गुणांची एक चाचणी धरली जाणार नाही' असं असेल तर काहीच गेलं नाही. पहिल्या सत्रासाठी 'ख' घ्यावा, हे स्पष्ट आहे. रेटिंगच्या आकड्यात ही गोष्ट कुठेच दिसत नाही.

आता उलट बाजू. महाराष्ट्र बोर्डातून आलेल्या मुलांना गृहपाठ म्हणजे वहीतला शिक्का वाटतो. 'ख'मध्ये परीक्षांत सरासरी ९२ मिळाले तर ८० पैकी ७३.६ झाले. गृहपाठ साठ टक्केच दिला तर २० पैकी १२. एकूण ८५.६, म्हणजे बी. तोच गृहपाठ ९५ टक्के दिला असता तर ९२.६, म्हणजे ए. दर आठवड्याला वेळेत देणं जमणार नसेल तर 'ख' तुमच्यासाठी सापळा आहे.

मग 'कर्व्ह'. काही जण ९० ला ए, ८० ला बी असं सरळ कोष्टक वापरतात. काही जण वर्गातल्या वरच्या ठरावीक टक्क्यांना ए देतात. कर्व्ह नेहमी मदतच करतो हा गैरसमज आहे. अवघड पेपरला तो वाचवतो, पण सगळेच हुशार असलेल्या सेक्शनमध्ये ८८ मिळूनही बी येऊ शकतो. सिलॅबसमध्ये 'गुण फक्त वर जातील, खाली येणार नाहीत' असं वाक्य आहे का, ते शोधा.

आणखी बघायच्या गोष्टी: चुकलेली परीक्षा पुन्हा देता येते का की तिचं वजन अंतिम परीक्षेत जातं, हजेरीचे गुण आहेत का, परीक्षेत कॅल्क्युलेटर चालतो का (बऱ्याच ठिकाणी चालत नाही, आणि आपल्या मुलांना ते पथ्यावर पडतं), सरावासाठी जुने पेपर देतात का. गृहपाठ 'वेबअसाइन' किंवा 'मायलॅब'सारख्या ऑनलाइन प्रणालीवर असेल तर त्याचा कोड वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि सेकंडहँड पुस्तक घेऊन तो मिळत नाही. म्हणून सेक्शन पक्का होईपर्यंत कोड घेऊ नका.

तपासा: सिलॅबस दोन वर्षांपेक्षा जुना नाही, त्याच व्यक्तीचा आहे आणि त्याच विषयाचा आहे. 'कॅल्क्युलस फॉर बिझनेस' हा वेगळा विषय असतो, आणि इंजिनिअरिंगला तो चालत नाही.

## ६. ग्रेडचं वाटप: डब्ल्यू धरायला विसरू नका

अनेक सरकारी विद्यापीठांत प्रत्येक विषयाला कोणाच्या हाताखाली किती ए, किती बी गेले याचे आकडे उपलब्ध असतात. विस्कॉन्सिन-मॅडिसनसाठी 'मॅडग्रेड्स', बर्कलीसाठी 'बर्कलीटाइम' ही संकेतस्थळं ते आलेखात दाखवतात. इतर ठिकाणी विद्यापीठाचं नाव आणि 'ग्रेड डिस्ट्रिब्युशन' असं शोधा. खासगी विद्यापीठांत हे सहसा मिळत नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे फक्त सरासरी बघणं. समजा दोघांकडेही सुरुवातीला शंभर विद्यार्थी होते:

- पहिले: ए ४०, बी २०, सी १०, डी ३, एफ २, डब्ल्यू २५. उरलेल्या ७५ जणांची सरासरी चारपैकी ३.२४.
- दुसरे: ए २८, बी ३६, सी २२, डी ५, एफ ३, डब्ल्यू ६. उरलेल्या ९४ जणांची सरासरी २.८६.

सरासरीवर पहिले जिंकतात. पण डब्ल्यू म्हणजे मध्येच विषय सोडलेले. डी, एफ आणि डब्ल्यू मिळून पहिल्यांकडे ३० जण, दुसऱ्यांकडे १४. पहिल्यांची सरासरी चांगली दिसते, कारण अडलेले पंचवीस जण हिशेबातूनच निघून गेले. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलाला सत्राच्या मध्यात विषय सोडणं सोपं नसतं (पुढे पायरी ९ मध्ये येईल), म्हणून तुमच्यासाठी ही डी-एफ-डब्ल्यूची बेरीजच खरी.

तुलना करताना सत्रही तेच घ्या. कॅल्क्युलस १ शरद ऋतूच्या, म्हणजे ऑगस्टच्या, सत्रात ताज्या दमाची मुलं घेतात. जानेवारीच्या सत्रात पुन्हा बसणारे जास्त असतात. एका प्राध्यापकाचे ऑगस्टचे आकडे आणि दुसऱ्याचे जानेवारीचे आकडे शेजारी ठेवले तर फरक विद्यार्थ्यांचा दिसेल, प्राध्यापकांचा नाही. ऑनर्स सेक्शनही वेगळे ठेवा.

## ७. आता रेटिंग उघडा

इथपर्यंत यादीत तीन-चार नावं उरलेली असतात. आता शेरे वाचायला हरकत नाही, पण आकडा झाकून.

आधी कोर्सच्या क्रमांकाची गाळणी लावा. लिनियर अल्जिब्रा सुंदर शिकवणारी व्यक्ती कॅल्क्युलस १ मध्ये कंटाळलेली असू शकते. मग तीन वर्षांपेक्षा जुने शेरे सोडा. दहापेक्षा कमी शेरे उरले तर आकड्याला अर्थ नाही. चार रागावलेली मुलं तो कुठेही नेऊ शकतात. पाच आणि एक तारा देणारे तावातावाने लिहितात. तीन तारे देणारे थंड डोक्याने, म्हणून त्यांचं सगळ्यात आधी वाचा.

प्रत्येक शेऱ्यातून फक्त तपासता येणारी गोष्ट उचला. 'पेपर गृहपाठापेक्षा अवघड', 'ईमेलला दोन दिवसांत उत्तर', 'लेक्चर रेकॉर्ड करत नाहीत', 'स्लाइड वाचून दाखवतात' या कामाच्या गोष्टी. 'बोअर', 'भारी', 'उद्धट' या भावना. 'उच्चार कळत नाहीत' हा शेरा दिसला की थांबा: ती व्यक्ती चेन्नईची किंवा शांघायची असेल आणि तक्रार करणाऱ्याने ओहायोबाहेरचं इंग्रजी कधी ऐकलेलं नसेल. तुम्हाला कदाचित तेच उच्चार सोपे जातील.

'वर्गात स्वतःच गणितं सोडवायला लावतात, शिकवत नाहीत' ही तक्रारही उलटी वाचावी लागते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मुलांना गुळगुळीत व्याख्यान ऐकल्यावर जास्त शिकल्यासारखं वाटलं. चाचणीत मात्र वर्गात स्वतः झटणाऱ्यांचं जास्त शिकून झालेलं होतं.

विद्यापीठाचं अधिकृत मूल्यमापन मिळालं तर ते या संकेतस्थळांपेक्षा बरं, कारण त्यात किती जणांनी उत्तर दिलं ते कळतं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसचे निकाल सर्वांसाठी खुले आहेत. काही ठिकाणी लॉगिन लागतं. पण त्यावरही फार भिस्त ठेवू नका. विद्यार्थ्यांनी दिलेले गुण आणि विद्यार्थ्यांचं प्रत्यक्ष शिकणं यांचा संबंध अगदी क्षीण आहे, हे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं आहे.

मराठी मंडळाच्या किंवा भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर विचारत असाल तर माणूस बघून विचारा. गटातले बहुतेक एमएसचे असतात. त्यांनी कॅल्क्युलस १ तिथे केलेलंच नसतं, तरी मतं भरभरून देतात. मात्र त्यांच्यातलाच एखादा त्या विषयाचा टीए किंवा ग्रेडर असतो, आणि तपासताना पायऱ्यांना गुण देतात की फक्त उत्तराला, हे तो अचूक सांगतो. एवढंच विचारा. जुने पेपर 'आतून' मागणं म्हणजे स्वतःवर शिस्तभंगाची कारवाई ओढवून घेणं.

## ८. तीन पर्याय, आणि रजिस्ट्रेशनचा दिवस

नावं ठरली की वेळापत्रक एकदा ताडून बघा. दोन वर्गांत किमान दहा मिनिटं आणि इमारतींतलं अंतर नकाशावर. अंतिम परीक्षांची तारीख सेक्शनच्या वेळेवरून ठरते, म्हणून एकाच दिवशी तीन परीक्षा येत नाहीत ना तेही आत्ताच बघा. सकाळी ८ चा उत्तम प्राध्यापक आणि ११ चा बरा प्राध्यापक यांत स्वतःशी खोटं बोलू नका. झोपून राहिलात तर उत्तम शिकवणं कुणाच्या कामाचं?

आता कागदावर तीन सेक्शन क्रमाने लिहा, प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक जोडीच्या डिस्कशनसह. नावाने शोधत बसलात तर जागा जातात.

क्रेडिटचा हिशेब इथेच करा. एफ-१ वर पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिट लागतात. कॅल्क्युलस ४ क्रेडिटचा. एकूण १५ घेतले आणि तो सोडला तर ११ उरतात, म्हणजे व्हिसाचा भंग. १६ घेतले तर १२ उरतात. प्राध्यापक पसंत पडले नाहीत तर बाहेर पडायची वाट अशी आधीच ठेवायची असते. मात्र १६ क्रेडिट म्हणजे वर्ग आणि अभ्यास धरून आठवड्याला साधारण ४८ तास. ते झेपेल का, हाही प्रश्न आहेच.

सावधान: 'ऑनलाइन सेक्शनमधले प्राध्यापक चांगले आहेत' म्हणून तिकडे वळताना थांबा. पूर्ण सत्राच्या हिशेबात एका सत्रात एकच ऑनलाइन विषय किंवा ३ क्रेडिट एवढंच धरलं जातं.

बटण दाबायचा क्रम:

१. पाच मिनिटं आधी लॉगिन करा आणि तिन्ही पर्याय कार्टमध्ये टाका.
२. वेळ होताच पहिला पर्याय. भरलेला असेल तर थांबून न राहता दुसरा पर्याय घेऊन टाका.
३. त्यानंतर पहिल्याच्या वेटलिस्टवर जा.
४. वेटलिस्टची अट वाचा. हातातल्या सेक्शनच्या वेळेशी टक्कर होत असेल किंवा क्रेडिटची मर्यादा ओलांडली जात असेल, तर नंबर लागूनही अनेक प्रणाल्या तुम्हाला आत घेत नाहीत आणि कळवतही नाहीत. 'जागा मिळाल्यास हा सेक्शन सोडा' अशी सोय असेल तर ती चालू करा.

सेक्शन बदलताना होणारी सगळ्यात महाग चूक: आधी जुना 'ड्रॉप', मग नवा 'ॲड'. त्या मधल्या दहा सेकंदांत नवी जागा जाते आणि जुनीही कुणीतरी उचललेली असते. नेहमी 'स्वॅप' वापरा. त्यात नवा मिळाला तरच जुना सुटतो.

## ९. पहिले दहा दिवस: निवड अजून संपलेली नाही

ॲड-ड्रॉपची मुदत बहुतेक ठिकाणी पहिल्या एक ते दोन आठवड्यांत संपते. विद्यापीठाच्या कॅलेंडरमधून तीन तारखा वेगळ्या काढा: नवा विषय घेण्याची शेवटची, पूर्ण परतावा मिळण्याची शेवटची, आणि गुणपत्रिकेवर डब्ल्यू न येता सोडण्याची शेवटची. या तीन तारखा एकच असतात असं धरून चालणं हीच चूक होते.

पहिल्या तासाला गैरहजर राहू नका. काही विभाग पहिल्या दिवशी न आलेल्यांची नावं काढतात आणि वेटलिस्टवरच्यांना आत घेतात. मोठ्या लेक्चरमध्ये दुसऱ्या प्राध्यापकांच्या तासाला मागे बसून ऐकलं तरी कुणी अडवत नाही. छोट्या वर्गात आधी विचारा. वेटलिस्टवर असाल तर त्या सेक्शनचा गृहपाठही करत राहा, म्हणजे आत गेल्यावर मागे पडणार नाही.

पहिल्याच आठवड्यात ऑफिस अवर्सना एकदा जा, एक खरी शंका घेऊन. पाच मिनिटांत कळतं: शंका ऐकून घेतात की 'पुस्तकात आहे' म्हणून वाटेला लावतात. गर्दी बघा. बाहेर सात-आठ मुलं ताटकळत असतील तर ती व्यक्ती मदत करते, हे नक्की.

तपासा, आठव्या दिवशी: पहिला गृहपाठ किंवा क्विझ परत आला का? त्यावर नुसते गुण आहेत की चूक कुठे झाली तेही लिहिलं आहे? नवा सिलॅबस जुन्याशी जुळतो का? वजन बदललं असेल तर पायरी ५ चा हिशेब पुन्हा मांडा. आयत्या वेळी प्राध्यापकच बदलले असतील तर बदललेल्या नावासाठी पायरी ५ ते ७ एका संध्याकाळी उरका. मुदतीच्या आत स्वॅप करायला तेवढा वेळ पुरतो.

मुदत गेल्यावर विषय सोडायचा असेल तर क्रम असा: आधी ॲडव्हायझर, मग इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओची (परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची) लेखी परवानगी, मगच ड्रॉप. १२ च्या खाली जाणार असाल तर परवानगीशिवाय एक क्लिकसुद्धा करू नका. नंतर दुरुस्त करणं फार कठीण जातं. शैक्षणिक अडचणीवरून कमी क्रेडिटची सवलत मिळते ती मोजक्या कारणांसाठी: सुरुवातीला इंग्रजीची किंवा वाचनाची अडचण, अमेरिकन अध्यापनपद्धतीची सवय नसणं, किंवा चुकीच्या पातळीच्या विषयात बसवलं जाणं. ती एका पदवी-पातळीवर एकदाच मिळते, आणि तेव्हाही किमान ६ क्रेडिट ठेवावेच लागतात. 'प्राध्यापक आवडले नाहीत' हे कारण त्या यादीत नाही.